क्रमांकपट्ट्यांच्या संग्राहकांचे वार्तापत्र

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याने १९०१ साली मोटारीवर मालकाची आद्याक्षरे लावणे सक्तीचे केले. मॅसॅच्युसेट्सने १९०३ पासून सरकारी पट्ट्या दिल्या. पुढे बहुतेक राज्यांत पट्टी वर्षागणिक बदलू लागली, आणि जुनी भंगारात जाऊ लागली. १९५४ मध्ये स्थापन झालेल्या संग्राहक-संघाचे वार्तापत्र (आजचे 'प्लेट्स') या नष्टप्राय लेखनाची नोंद ठेवीत आले आहे. शिलालेखांच्या अभ्यासकास हा पोरखेळ वाटेल. प्रस्तुत लेखकास तसे वाटत नाही. १९२८ च्या आयडाहो पट्टीवर बटाटा अवतरला. महायुद्धात धातू दुर्मीळ होताच इलिनॉयने सोयाबीनच्या लगद्याच्या पट्ट्या काढल्या. त्या जनावरांनी खाल्ल्याच्या कथा सांगतात. उरलेल्या मात्र संग्राहकांनीच सांभाळल्या.