उदरभित्तीचा हर्निया : उघडी व रोबोटिक शस्त्रक्रिया

पोटाच्या पुढच्या भिंतीतील स्नायू आणि त्यांना जखडणारे चिवट पडदे यांत फट पडून आतली चरबी किंवा आतड्याचा भाग कातडीखाली येऊ लागला, की त्याला उदरभित्तीचा हर्निया (अंतर्गळ) म्हणतात. तो बेंबीतून, बेंबीच्या वरच्या मधल्या रेषेतून किंवा जुन्या शस्त्रक्रियेच्या व्रणातून निघतो. जांघेतील हर्नियाचा विचार स्वतंत्रपणे केला जातो. पोटावर मध्यभागी उभा छेद घेतलेल्या रुग्णांपैकी साधारण १० ते २० टक्क्यांना पुढे व्रणातील हर्निया होतो. दुरुस्तीला सर्वांत अवघड तोच. खोकल्याने फुगवटा वाढतो, आडवे झाले की बहुधा आत जातो. तान्ह्या मुलांच्या बेंबीतली फट पुष्कळदा आपोआप बुजते. मोठ्या माणसाच्या पोटातली फट मात्र पट्टा बांधून किंवा औषध घेऊन बुजत नाही.

फटीच्या कडा ओढून नुसते टाके घालणे ही जुनी रीत. ती किती तोकडी आहे हे नेदरलँड्समधील चाचणीने २००० साली दाखवून दिले : तीन वर्षांत टाक्यांच्या गटात ४३ टक्के, तर आधारासाठी कृत्रिम जाळी बसवलेल्या गटात २४ टक्के रुग्णांना हर्निया पुन्हा झाला. दहा वर्षांनी हेच आकडे ६३ आणि ३२ झाले. म्हणजे जाळीनेही खात्री मिळत नाही, पण जाळीवाचून बहुधा फसगत होते. अगदी लहान फटी सोडल्या तर आज जाळी वापरतातच. पॉलिप्रॉपिलीनची जाळी अमेरिकी शल्यविशारद फ्रान्सिस अशर यांनी रूढ केली.

जाळी कोणत्या थरात बसवायची, हा या विषयाचा गाभा आहे. रीव्ह आणि स्तोपा या फ्रेंच शल्यविशारदांनी ती पोटाच्या उभ्या स्नायूंच्या मागे ठेवण्याची पद्धत घालून दिली. तेथे पोटातला दाबच जाळीला स्नायूवर टेकवून धरतो आणि आतडे जाळीला चिकटत नाही. फट फार रुंद असेल तर बाजूचे थर मोकळे करून कडा मध्यावर आणाव्या लागतात. त्यासाठी रामिरेझ यांनी १९९० साली एक तंत्र मांडले. नोवित्स्की यांनी २०१२ साली पोटाचा आडवा स्नायू सोडवण्याचे तंत्र प्रसिद्ध केले. ही कामे उघड्या शस्त्रक्रियेत उत्तम होतात, पण त्यासाठी लांब छेद घ्यावा लागतो. मग वेदना, जखमेत पू होणे आणि रुग्णालयातला मुक्काम वाढतो. मधुमेही, स्थूल व धूम्रपान करणाऱ्या रुग्णांना याचा विशेष त्रास होतो.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने १९९३ पासून छेद टाळला, पण बहुतेकदा जाळी पोटाच्या पोकळीत आतड्यांसमोर ठेवावी लागे. फट शिवणे तर कष्टाचेच : पोटाची पुढची भिंत आतून पाहताना छतासारखी वर असते आणि सरळ, न वळणाऱ्या दांड्यांनी छताला टाके घालणे सोपे नाही. रोबोटने नेमकी ही अडचण सोडवली. अमेरिकेत २००० साली मान्यता मिळालेल्या दा विंची यंत्राची उपकरणे मनगटासारखी वळतात. यंत्र स्वतः काही ठरवत नाही. कन्सोलवर बसलेला शल्यविशारदच त्याचे हात चालवतो. त्यामुळे स्नायूमागे जाळी बसवण्याचे उघडे तंत्र बोटाएवढ्याही नसलेल्या छिद्रांतून करता येऊ लागले.

फायदा किती? स्नायूमागील जाळीच्या रुग्णांची तुलना अमेरिकेतील हर्निया नोंदवहीच्या आधारे २०१८ साली झाली. रुग्णालयातील मुक्काम उघड्या पद्धतीत तीन, तर रोबोटिकमध्ये दोन दिवस होता. जखमेखाली पाणी साठणे मात्र रोबोटिक गटात जास्त दिसले. अशा तुलनांत मोठे, गुंतागुंतीचे हर्निया उघड्या गटाकडे झुकतात, हे ध्यानात ठेवले पाहिजे. रोबोटची तुलना दुर्बिणीशी केली की चित्र पालटते. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या १२४ रुग्णांच्या यादृच्छिक चाचणीत रुग्णालयातील दिवसांत फरक आढळला नाही. रोबोटिक गटात मात्र वेळ जवळपास दुप्पट आणि खर्च जास्त लागला. म्हणून लवकर घरी जाण्याचे श्रेय मुख्यतः छेद टाळण्याला द्यावे, यंत्राला नव्हे. रोबोटमुळे हर्निया पुन्हा होण्याचे प्रमाण घटते, असेही सिद्ध झालेले नाही.

निवड हर्नियावरून व्हावी. बेंबीचा एक-दोन सेंटिमीटरचा हर्निया लहान छेदातून, पुष्कळदा जागेवर भूल देऊनही दुरुस्त होतो; त्यासाठी रोबोट लावणे हा वाया खर्च आहे. जुन्या जाळीला जंतुसंसर्ग झालेला असेल, कातडीवर उघड्या जखमा असतील किंवा आतड्यांचा मोठा भाग कायमचा बाहेर राहत असेल, तर उघडी शस्त्रक्रियाच बरी. या दोहोंमधल्या, स्नायूमागे जाळी हवी असलेल्या मध्यम हर्नियांत रोबोट खरा उपयोगी पडतो, तोही सराव असलेल्या हातांत. फुगवटा कडक होऊन दुखू लागला, आत जाईना, उलट्या सुरू झाल्या, तर पद्धतीची चर्चा न करता ताबडतोब रुग्णालय गाठावे.

भारतात विमा नियामक संस्थेने २०१९ साली आरोग्य विम्यातून रोबोटिक शस्त्रक्रिया सरसकट वगळण्यास मनाई केली, पण तिच्या रकमेवर मर्यादा घालण्याची मुभा कंपन्यांना होती. आपल्या पॉलिसीत अशी मर्यादा आहे का, हे रुग्णाने शस्त्रक्रियेची तारीख ठरवण्यापूर्वीच पाहून घ्यावे.