पवना-इंद्रायणीचे नकाशे आणि होडीची वाट

पिंपरी-चिंचवड आणि चाकण हा औद्योगिक पट्टा सह्याद्रीतून पूर्वेकडे उतरणाऱ्या नद्यांच्या खोऱ्यांत वसलेला आहे. दक्षिणेच्या सीमेवर मुळा, शहराच्या मधून पवना, उत्तरेच्या सीमेवर इंद्रायणी आणि चाकणच्या पलीकडे भामा व भीमा अशी त्यांची मांडणी आहे. गेल्या दोन शतकांत या खोऱ्यांचे अनेक नकाशे निघाले, पण खास होडीतून प्रवास करणाऱ्यासाठी त्यांपैकी एकही काढला गेला नाही. पावसाळ्यात दुथडी भरणाऱ्या आणि उन्हाळ्यात डोहांपुरत्या उरणाऱ्या या नद्यांवर लांब पल्ल्याची जलवाहतूक रुजली नाही. पुण्यात १८६८ मध्ये रॉयल कॅनॉट बोट क्लब स्थापन झाला, पण तेथील वल्हवणे ओळखीच्या, संथ पाण्यावरचे होते. त्याला नकाशाची गरज नव्हती. त्यामुळे पहिल्यांदाच नदीमार्गे भ्रमंतीला निघणाऱ्याला इतरांच्या कामासाठी केलेल्या नकाशांतूनच निवड करावी लागते. कोणता नकाशा कोणासाठी आणि केव्हा झाला, हे कळले की ती निवड नेमकी होते.

ब्रिटिश अमलापूर्वी नदीची माहिती मुख्यतः वाटेवरचा अडथळा म्हणून ठेवली जाई. पुण्याहून जुन्नरकडे जाणाऱ्या वाटेवर चाकणचा भुईकोट संग्रामदुर्ग होता. १६६० च्या पावसाळ्यात शायिस्ताखानाने त्याला वेढा घातला आणि फिरंगोजी नरसाळा यांनी तो सुमारे ५६ दिवस झुंजवला. अशा हालचालींत महत्त्वाचे काय, तर नदी पायी ओलांडता येईल असा उतार कोठे आहे आणि नाव कोठे मिळते. अंतर कोसांत आणि मजलांत मोजले जाई. मराठेशाहीतील उपलब्ध नकाशांत मोडी लिपीत गावे, किल्ले, घाट आणि नद्या दाखवलेल्या आढळतात, पण त्यांना एकसारखे प्रमाण नसते. त्यांतून क्रम कळतो, लांबी कळत नाही.

१८१८ मध्ये पेशवाई संपल्यावर मोजणीचा हेतू बदलला. आता प्रश्न सारावसुलीचा होता. पुणे जिल्ह्यात प्रिंगल या ब्रिटिश अधिकाऱ्याने केलेली पहिली मोजणी फसली. त्यानंतर १८३५-३६ पासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात नवी पद्धत बसवली आणि १८४७ च्या संयुक्त अहवालाने तिचे नियम पक्के झाले. ३३ फुटांची साखळी हे या मोजणीचे माप होते. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद, म्हणजे १,०८९ चौरस फूट जमीन, हाच आजचा गुंठा. यातून गावोगावचे नकाशे तयार झाले. त्यांत शिवाराची हद्द, सर्व्हे नंबर, गाडीवाट, पाऊलवाट, ओढे असे सारे असते. नदीच्या पात्रावर मात्र सारा बसत नव्हता, म्हणून पात्र बहुधा दोन रेघांमधली कोरी जागा म्हणून उरते. काठावर उतरण्याची वाट शोधायला गाव नकाशा आजही उत्तम आहे. पाण्याविषयी तो जवळजवळ गप्प असतो. पुढे जमीन एकत्रीकरण योजनेत अनेक गावांचे सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. त्यामुळे जुना गाव नकाशा आणि आजचा सातबारा यांचे आकडे जुळतीलच असे नाही.

नदीचा चढउतार प्रथम नीट मांडला तो सर्व्हे ऑफ इंडियाच्या स्थलनिर्देशक नकाशांनी. १९०५ नंतर या नकाशांची मालिका देशभर एका क्रमाने बांधली गेली. सुरुवातीला प्रमाण एक इंचाला एक मैल होते; मेट्रिक पद्धत आल्यावर ते १:५०,००० झाले. एका पत्रकात १५ मिनिटे अक्षांश आणि १५ मिनिटे रेखांश मावतात, म्हणजे या भागात दक्षिणोत्तर सुमारे २८ आणि पूर्व-पश्चिम सुमारे २६ किलोमीटर. पिंपरी, चिंचवड, देहू आणि आळंदी ४७ एफ/१४ या पत्रकात येतात. आळंदी आणि चाकण यांच्या मधून १८ अंश ४५ मिनिटांचे अक्षवृत्त जाते, म्हणून चाकण वरच्या ४७ एफ/१३ मध्ये पडते. पवना धरणाचा जलाशय मुख्यतः ४७ एफ/६ मध्ये आहे, आणि तेथून शहराकडे येताना मधले ४७ एफ/१० लागते.

होडीवाल्याच्या दृष्टीने या पत्रकांतील तीन खुणा मोलाच्या आहेत. पहिली रंगाची: पाणी असलेले पात्र निळे आणि कोरडे पात्र काळे. दुसरी समोच्च रेषांची. त्या २० मीटरच्या अंतराने काढलेल्या असतात. लागोपाठच्या दोन रेषा पात्राला दोन किलोमीटरांत छेदत असतील, तर नदी दर किलोमीटरला सरासरी १० मीटर उतरते आणि तेथे धावते पाणी गृहीत धरावे. तिसरी खूण म्हणजे काठालगतचा सापेक्ष उंचीचा आकडा. तो मोठा असेल, तर होडी वर काढायला काठ अवघड असतो. मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. १:५०,००० प्रमाणावर ५० मीटर रुंदीचे पात्र केवळ एक मिलिमीटर भरते. मावळात इंद्रायणीने कुंडमळ्याच्या बेसाल्ट खडकात कोरलेले रांजणखळगे त्या मिलिमीटरमध्ये दिसू शकत नाहीत.

नकाशावरचे साल प्रमाणाइतकेच महत्त्वाचे ठरते, कारण विसाव्या शतकात या नद्यांचे पाणीच हलवले गेले. १९१५ मध्ये खोपोलीचे वीजकेंद्र सुरू झाले आणि इंद्रायणीच्या उगमाकडचे पाणी लोणावळा परिसरातील तलावांतून घाटाखाली जाऊ लागले. मुळशी येथे मुळा अडवली गेली. त्याविरुद्ध सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशी सत्याग्रह झाला. तरी १९२७ मध्ये भिरा येथील वीजकेंद्र चालू झाले आणि मुळेचे पाणी कोकणात कुंडलिकेला मिळाले. आज कोलाडला कुंडलिकेवर राफ्टिंग आणि कयाकिंग चालते ते भिऱ्याहून सुटणाऱ्या याच पाण्यावर. पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, आणि वाढत्या वस्तीची व कारखान्यांची तहान भागवण्यासाठी १९७२ च्या सुमारास पवना धरण उभे राहिले. धरणाआधीच्या पत्रकात जेथे शेते आणि वाटा दिसतात, तेथे आता जलाशय आहे. उलट धरणाखाली, शहरासाठी सोडलेले पाणी पात्रातूनच रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत येत राहिल्याने, पूर्वी उन्हाळ्यात आटणारी नदी तेथवर वाहती राहते.

१९८२ मध्ये पिंपरी-चिंचवड महानगरपालिका झाली आणि पुढे नदीकाठाला पूररेषांचे नकाशे मिळाले. निळी पूररेषा सर्वसाधारणपणे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. बांधकामावर निर्बंध घालण्यासाठी आखलेल्या या रेषा तळ ठोकणाऱ्यालाही उपयोगी पडतात: पावसाळ्यात तंबू निळ्या रेषेच्या बाहेरच असावा.

२००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने संरक्षण दलांची आणि नागरिकांची मालिका वेगळी केली, आणि फेब्रुवारी २०२१ मधील मार्गदर्शक तत्त्वांनी भूस्थानिक माहितीवरील बरेचसे निर्बंध उठवले. मात्र जुनी पत्रके पृथ्वीच्या आकाराच्या एव्हरेस्ट लंबगोल या मापावर, तर नागरी मालिका आणि मोबाइलमधील जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ या वेगळ्या मापावर आधारलेली आहेत. हा फरक लक्षात न घेता जुन्या पत्रकावर ठिपका मांडला, तर पात्रातली होडी काठावरच्या शेतात दिसू शकते.

पहिल्या प्रवासाची निवड त्यामुळे अशी होते. आधार म्हणून १:५०,००० चे नव्यात नवे पत्रक घ्यावे आणि वाट पत्रकाच्या कडेला येत असेल तर शेजारचेही घ्यावे. बंधारे, पूल आणि जलपर्णीने झाकलेले पट्टे पाहण्यासाठी त्याच ऋतूतले उपग्रहचित्र जोडावे. उतरण्या-चढण्याच्या जागांसाठी गाव नकाशा आणि मुक्कामासाठी पूररेषा पाहाव्यात. धरणातून पाणी केव्हा आणि किती सुटणार, हे कोणत्याही कागदावर नसते. ते जलसंपदा विभागाकडून आणि काठावरच्या गावकऱ्यांकडून निघण्याआधी विचारून घ्यावे लागते.