ध्वनिसंस्करण : गोंगाट वगळताना आवाज जपावा

पुणे-सोलापूर महामार्गावरील पाटस हे दौंड तालुक्यातील गाव. पुणे-दौंड लोहमार्गही याच परिसरातून जातो. आषाढी वारीत तुकोबांची पालखी येथूनच रोटी घाटाकडे वळते. अशा गावातील घरात आजीच्या ओव्या मोबाइलवर मुद्रित केल्या, तर ऐकताना मालमोटारींची घरघर, पंख्याची फरफर आणि भिंतींवरून परतणारा नाद आधी कानी पडतो. मुद्रणातील असे दोष कमी करून आवाज स्पष्ट व एकसारखा करण्याच्या प्रक्रियेस ध्वनिसंस्करण म्हणतात.

या कामाचा पाया मुद्रणाच्या वेळीच घातला जातो. खोलीत गाद्या, गोधड्या, पडदे असल्यास प्रतिध्वनी कमी होतो. रिकाम्या खोलीत घुमलेला आवाज नंतर पूर्णपणे सुधारता येत नाही. मायक्रोफोन तोंडापासून साधारण वीतभर अंतरावर व किंचित बाजूला धरावा. त्यामुळे फ, भ यांसारख्या वर्णांच्या उच्चारातील हवेचा झोत थेट त्यावर आदळत नाही. आवाजाची सर्वोच्च पातळी वजा १२ ते वजा ६ डेसिबलच्या दरम्यान राहावी. शून्याची मर्यादा ओलांडून फाटलेला आवाज पूर्ववत होणे कठीण असते. मुद्रण 'वेव्ह' स्वरूपात करावे आणि बोलण्यापूर्वी दहा सेकंदांची शांतता टिपून घ्यावी.

ही शांतता पुढे उपयोगी पडते. सन २००० मध्ये प्रथम उपलब्ध झालेल्या 'ऑडॅसिटी' या मोफत संगणकप्रणालीला तेवढा भाग नमुना म्हणून दाखवला, की त्यातील सततचा आवाज ओळखून ती संपूर्ण मुद्रणातून तो कमी करते. त्याआधी सुमारे ८० हर्ट्झखालील कंपने गाळावीत. वाहनांच्या घरघरीचा मोठा भाग तेथे असतो. भारतातील वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्याने विजेची गुणगुण ५० आणि त्याच्या पटीत, म्हणजे १००, १५० हर्ट्झवर आढळते. तिच्यासाठी नेमकी तेवढीच कंपने कापणारी गाळणी वापरावी.

त्यानंतर स्वरपट्ट्यांचा समतोल साधावा. २०० ते ४०० हर्ट्झचा भाग थोडा उतरवल्यास आवाजाचा गढूळपणा जातो. ३ हजार हर्ट्झच्या आसपास किंचित उठाव दिल्यास शब्द स्पष्ट होतात. 'स' आणि 'चमचा'तील दंततालव्य 'च' टोचू लागल्यास ५ ते ८ हजार हर्ट्झचा पट्टा केवळ त्या क्षणापुरता दाबावा. शेवटी मोठ्या-लहान आवाजांतील अंतर कमी करणारे 'कॉम्प्रेशन' करावे. निवेदनासाठी ३ : १ हे प्रमाण सर्वसाधारणपणे पुरते. कॉम्प्रेशनमुळे उरलासुरला गोंगाटही वर येतो, म्हणून त्याची सफाई आधी करणे आवश्यक ठरते. एकूण आवाजाची पातळी 'एलयूएफएस' या एककात मोजतात. युरोपीय प्रसारकांच्या संघटनेने २०१० मध्ये प्रक्षेपणासाठी वजा २३ ही पातळी सुचवली. पॉडकास्टसाठी वजा १६ च्या आसपासची पातळी रूढ आहे.

परंतु यंत्राला अर्थ कळत नाही. जात्याची घरघर सलग आणि एकसुरी असते. संगणकाच्या दृष्टीने ती पंख्याच्या आवाजाहून वेगळी नाही. ओवीच्या दृष्टीने मात्र ती लयच आहे. सफाई अतिरेकी झाली, तर जात्याबरोबर गाणाऱ्या बाईचा श्वास आणि शब्दांची शेवटची अक्षरेही पुसली जातात. आवाज पाण्याखालून आल्यासारखा भासतो.

महाराष्ट्रात हा प्रश्न केवळ हौशी मंडळींपुरता नाही. गी पॉइत्व्हाँ आणि हेमा राईरकर यांनी १९८० च्या दशकापासून गावोगावी फिरून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या संकलित केल्या. १९९० च्या दशकात संगणकीय संगीताचे अभ्यासक बर्नार्ड बेल त्यांच्यासोबत आले आणि सुमारे १२० तासांचे ध्वनिमुद्रण या संग्रहाला जोडले गेले. २०१७ पासून 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया' या संकेतस्थळावर त्यातील ओव्या श्रोत्यांसाठी प्रसिद्ध होऊ लागल्या. पॉइत्व्हाँ २००४ मध्ये, तर राईरकर २०१० मध्ये निवर्तल्या. पिठाच्या गिरण्या आल्यावर घरोघरचे जाते थांबले. त्यामुळे अशी मुद्रणे पुन्हा करणे बहुतेक ठिकाणी शक्य नाही.

म्हणूनच मूळ फाइलवर कधीही प्रक्रिया करू नये, हा या कामातील पहिला नियम होय. मूळ मुद्रण दोन वेगवेगळ्या ठिकाणी जतन करावे. गाव, तारीख आणि गाणाऱ्या व्यक्तीच्या संमतीने तिचे नाव यांची नोंद सोबत ठेवावी. संस्करण प्रतीवर करावे. उद्या अधिक चांगली साधने येतील. त्यांना हाताळण्यासाठी मूळ आवाज शिल्लक असला पाहिजे.