टेबलावरची असई

युद्धाचा खेळ म्हटलं की आपल्याला बुद्धिबळ आठवतं. पण बुद्धिबळात नद्या नसतात आणि हुकूम विसरणारा सरदारही नसतो. ही उणीव प्रशियातल्या राइसविट्झ बापलेकांनी भरून काढली. वडिलांनी १८१२ मध्ये राजासाठी असा खेळ तयार केला, आणि सैन्यात अधिकारी असलेल्या मुलाने १८२४ मध्ये त्याचे सुधारित नियम छापले. मोठा नकाशा, दोन मिनिटांच्या काळाचा एक डाव, फासे आणि मधे एक पंच. शत्रूचं जेवढं प्रत्यक्ष दिसलं असतं, तेवढंच पंच सांगणार. पुढे १९१३ मध्ये एच. जी. वेल्स यांनी खेळण्यातल्या सैनिकांच्या लढायांवर 'लिटल वॉर्स' हे पुस्तक लिहिलं.

आम्ही चार निवृत्त मित्र अधूनमधून असाच खेळ मांडतो. बोटाच्या पेराएवढा एक सैनिक म्हणजे पन्नास माणसं. अलीकडे आम्ही असई खेळलो. जालना जिल्ह्यातलं हे गाव, आणि तारीख २३ सप्टेंबर १८०३. केळणा आणि जुई या नद्यांसाठी निळ्या कापडाच्या दोन पट्ट्या अंथरल्या. माझ्याकडे कंपनीचा सेनापती आर्थर वेलस्ली, म्हणजे सुमारे साडेचार हजारांची फौज, नव्वद सैनिक. समोर बँकेतून निवृत्त झालेला मित्र. त्याच्याकडे शिंद्यांची कवायती पलटणं, त्यांचा सेनापती हॅनोव्हरचा पोलमन, आणि शंभराच्या आसपास तोफा.

वेलस्लीला वाटाड्यांनी सांगितलं होतं की पुढे केळणेला उतार नाही. त्याला मात्र नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली. अशा गावांची ये-जा असणारच, तेव्हा उतारही असणार, असा त्याने तर्क केला. तो खरा ठरला, आणि फौज पलीकडे गेली.

आमच्या डावात मित्राने पहिल्याच खेपेला त्या उतारावर दोन पलटणं आणि दहा तोफा ठेवल्या. मी अडकलो. "मास्तर, जिंकलो की नाही असई?" तो हसून म्हणाला. पंच शांतपणे म्हणाला, "तिथे उतार आहे हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

सांगितलं होतं इतिहासाच्या पुस्तकाने. इथेच मला या खेळाचं मोल वाटतं. आपल्या पराभवांची कारणं आपण एका ओळीत सांगतो: शिस्त नव्हती, एकी नव्हती. पण वेलस्ली नदी उतरल्यावर पोलमनच्या पलटणींनी आपली अख्खी फळी वळवून त्याच्यासमोर उभी केली. वेलस्लीला याची अपेक्षा नव्हती. बेशिस्त फौजेला हे जमत नाही. उलट गल्लत झाली ती कंपनीकडे. उजव्या बाजूची एक तुकडी हुकुमाबाहेर असई गावाच्या रोखाने गेली, तिच्यामागे ७४वी पलटण गेली, आणि तोफांच्या तोंडी सापडली. घोडदळ वेळेवर धावलं म्हणून ती बाजू सावरली.

आम्ही दुसऱ्यांदा डाव मांडला, तेव्हा ही गल्लत फाशांवर सोपवली. घोडदळाचा फासा उलटा पडला आणि मी हरलो. त्या दिवशीही निकाल आधी ठरलेला नव्हता, एवढंच यातून म्हणता येईल. शिंद्यांची बाजू दुबळी होती म्हणून हरली, असं शिकलेलं मूल पुढे प्रत्येक हरलेल्या माणसाला दुबळा समजू लागतं. माझी काळजी तीच आहे.

आणखी एक गोष्ट. असईत कंपनीची दीड हजारांहून जास्त माणसं मेली, जखमी झाली किंवा बेपत्ता झाली. आमच्या हिशेबात तीसहून अधिक सैनिक डबीत गेले. कंपनीच्या फौजेतही बहुतेक शिपाई इथलेच, मद्रासच्या पलटणींतले. सेनापतीचं नाव वॉटर्लूमुळे जगभर गेलं, शिपायांची नावं कुणाला ठाऊक? खऱ्या युद्धापेक्षा हा खेळच बरा, असं वेल्सनेही म्हटलं होतं. पुढच्याच वर्षी, १९१४ मध्ये, पहिलं महायुद्ध सुरू झालं.

डबीतले सैनिक पुढच्या डावाला पुन्हा उभे राहतात. मुलांना हा खेळ दाखवाल, तेव्हा हे आवर्जून सांगा.