जीपची ताकद आणि नावातला मोहम्मद

पावसाळ्यात घुग्घुसच्या आसपास एखाद्या पांदण रस्त्याला गाडी घातली की जाहिरातीतले दावे तिथेच तपासले जातात. वर्धा नदीच्या खोऱ्यातली काळी माती टायरच्या खाचा भरून टाकते आणि फसलेलं चाक जागीच फिरत राहतं. अशा वेळी इंजिन मोठं असून फारसा उपयोग नसतो.

मग उपयोग कशाचा? १९४० मध्ये अमेरिकी लष्कराने १३५ कंपन्यांकडे एका हलक्या गाडीची मागणी केली. ४९ दिवसांत नमुना तयार करून दिला तो बँटम या छोट्या कंपनीने. पुढे विलिस आणि फोर्डने महायुद्धात सहा लाखांहून अधिक जीप बनवल्या. इंजिन फक्त ६० अश्वशक्तीचं, वजन साधारण ११०० किलो. हलकी असल्याने ती कमी रुतायची. पोट जमिनीपासून उंच, पुढचा-मागचा भाग आखूड, म्हणून धुऱ्यावर अडकत नसे. ‘लो’ गिअर टाकला की वेग निम्म्यावर यायचा, पण चाकांचा जोर जवळपास दुप्पट व्हायचा. चिखलात हा सावकाश, एकसारखा जोरच कामी येतो.

भारतात ही जीप जोडायला घेतली ती महिंद्रा कंपनीने. १९४५ मध्ये तिचं नाव होतं ‘महिंद्रा अँड मोहम्मद’. महिंद्रा बंधूंचे भागीदार मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. १९४८ मध्ये कंपनीच्या नावातला मोहम्मद गेला, तिथे दुसरा महिंद्रा आला. स्वतंत्र भारताच्या उद्योगाचा पाया सांगताना ही भागीदारी सहसा गाळली जाते, म्हणून ती इथे नोंदवली.

त्या जुन्या जीपलाही मर्यादा होती. साध्या डिफरन्शियलमध्ये घसरणाऱ्या चाकाला जेवढा जोर लागतो, तेवढाच दुसऱ्या बाजूच्या चाकाला मिळतो. त्यामुळे पुढचं एक आणि मागचं एक चाक घसरलं की चारही चाकं चालवणारी गाडी उभी राहते. त्यावर उपाय म्हणून डिफरन्शियल लॉक आलं. तेव्हा ‘फोर बाय फोर’चा बिल्ला पाहून भुलू नका, लो गिअर, लॉक, उंची, वजन आणि टायर विचारा.

आणि एक लक्षात ठेवा. पर्लकोटेच्या पुराने भामरागडचा संपर्क अनेकदा तुटला आहे. दवाखान्यात निघालेल्या रुग्णाला त्या पाण्यातून कुठलीच जीप नेऊ शकत नाही. तिथे उंच पूलच लागतो.