जुने रनटाइम काढू नका

गेल्या महिन्यात माझ्या एका माजी विद्यार्थ्याचा फोन आला. तो संगणक दुरुस्तीचे दुकान चालवतो. "सर, एका धान्य व्यापाऱ्याला नवा संगणक बसवून दिला. त्यांचा २००८ सालचा हिशेबाचा प्रोग्रॅम चालतच नाही, डॉट नेट ३.५ मागतो. मशीनमध्ये ४.८ आहे. नवे असताना जुने कशाला?"

एवढ्यावर तो थांबला नव्हता. यादीत व्हिज्युअल सी प्लस प्लसच्या सहा-सात नोंदी दिसल्या. कचरा समजून त्याने जुन्या काढून टाकल्या आणि चालू असलेला बारकोडचा प्रोग्रॅमही बंद पडला. इकडे व्यापाऱ्याची सगळी उधारी त्या जुन्या हिशेबात अडकलेली.

मुलाला दोष देण्याआधी थोडा इतिहास पाहू. रनटाइम म्हणजे प्रोग्रॅम चालण्यासाठी लागणारी तयार सामग्री. नव्वदच्या दशकात विंडोजवर अशा डीएलएल फाइल्स बहुधा एकाच सामायिक फोल्डरमध्ये असत. एका नावाची एकच प्रत असल्याने जागा वाचायची. पण नव्या प्रोग्रॅमने आपली प्रत तिथे टाकली की जुना कोलमडायचा. या छळाला तंत्रज्ञ 'डीएलएल हेल' म्हणजे डीएलएलचा नरक म्हणू लागले.

विंडोज २००० ने सिस्टिमच्या फाइल्सवर पहारा बसवला. २००१ च्या एक्सपीने एकाच फाइलच्या अनेक आवृत्त्या शेजारी-शेजारी ठेवण्याची सोय केली. २००२ मध्ये आलेल्या डॉट नेटनेही तीच वाट धरली. म्हणजे माझ्या विद्यार्थ्याला जो कचरा वाटला, तो त्या जुन्या भांडणावरचा तोडगा होता.

या घराण्यांचे नियम मात्र वेगवेगळे आहेत. डॉट नेट ४.८ हे ४.० ते ४.७ ची जागा घेते, ३.५ ची नाही. ३.५ च्या पोटात २.० आणि ३.० येतात. व्हिज्युअल सी प्लस प्लसचे २००५, २००८, २०१०, २०१२ आणि २०१३ हे रनटाइम स्वतंत्र आहेत. २०१५ पासून पुढचे एका कुटुंबातले. शिवाय ६४-बिट विंडोजवरही ३२-बिट प्रोग्रॅमला ३२-बिटच रनटाइम लागतो.

आम्ही काढलेले रनटाइम परत बसवले. विंडोज १० मध्ये ३.५ आधीपासून चालू नसते. 'विंडोज फीचर्स'मध्ये खूण केली की ते इंटरनेटवरून उतरते. दुकानातल्या नेटवर ते उतरेना, म्हणून त्याच आवृत्तीच्या विंडोज डिस्कवरच्या 'सोर्सेस' फोल्डरातल्या 'एसएक्सएस'मधून घेतले. प्रोग्रॅम उघडला.

आपल्याकडे मोडीतले जुने दस्त हातात घेऊन लोक आजही मोडी वाचकाला शोधत फिरतात. कागद शाबूत असतो, पण तो वाचणारा सापडत नाही. संगणकातल्या हिशेबाचेही तसेच होऊ शकते. डॉट नेट ३.५ ला मायक्रोसॉफ्टचा आधार जानेवारी २०२९ पर्यंतच आहे. म्हणून विद्यार्थ्याला म्हटले, "बाबा, बिल घेण्याआधी शेठजींचा सगळा हिशेब एक्सेलमध्ये काढून दे. आज प्रोग्रॅम उघडतोय, तोवरच हे काम सोपे आहे."