एक वाट, दोन प्रवासी

अमेरिकेच्या किशोरवाङ्मयात घर सोडून वाटेला लागणाऱ्या मुलांची परंपरा जुनी आहे. मार्क ट्वेनच्या १८८४ मधील ‘हकलबेरी फिन’मध्ये हक आणि पळालेला गुलाम जिम एकाच तराफ्यावर आहेत, परंतु जी मिसिसिपी हकला मोकळीक देते, तीच जिमला दक्षिणेकडे, गुलामगिरीच्या मुलुखात खोल नेते. पुढे तराफ्याची जागा मोटारीने घेतली, तरी हा भेद मिटला नाही. कृष्णवर्णीयांना अनेक हॉटेलांची दारे बंद असत. म्हणून व्हिक्टर ग्रीन यांनी १९३६ पासून त्यांना आसरा देणाऱ्या ठिकाणांची ‘ग्रीन बुक’ ही पुस्तिका काढली.

क्रिस्टोफर पॉल कर्टिस यांच्या १९९५ मधील कादंबरीत वॉटसन कुटुंब हाताबाहेर गेलेल्या बायरनला आजीच्या धाकात ठेवण्यासाठी मिशिगनमधील फ्लिंटहून अलाबामातील बर्मिंगहॅमला मोटारीने निघते. याच बर्मिंगहॅममध्ये १५ सप्टेंबर १९६३ रोजी वर्णद्वेष्ट्यांनी चर्चमध्ये घडविलेल्या स्फोटात चार मुली मृत्युमुखी पडल्या. कादंबरीत धाकटा केनी तो विध्वंस डोळ्यांनी पाहतो. प्रवासाने मूल शहाणे होते, असे आपण सहज म्हणून जातो. त्या शहाणपणाची किंमत मात्र सर्वांना सारखी मोजावी लागत नाही. घरी परतल्यावर भेदरलेल्या केनीला सावरतो, तो ज्याला सुधारण्यासाठी नेले होते तो बायरनच.